जूचंद्र : हापीस घरी येतं तेव्हा

मैत्रिणींनो, जूचंद्रला जायचं म्हणजे काही मोठा प्रवास नव्हे. चर्चगेटहून विरारकडे जाणारी गाडी पकडायची, भाईंदर मागे टाकायचं, खाडी ओलांडायची आणि नायगावला उतरायचं. चर्चगेटपासून हे अंतर सुमारे ४८ किलोमीटर. पूर्वेला बाहेर पडलं की रिक्षा मिळते. दुसरी वाट वसई रोडवरून. तिथून दिव्याकडे जाणारी गाडी धरली तर पहिलंच स्टेशन जूचंद्र. पण या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्याच. कोकणात नि दक्षिणेत जाणाऱ्या लांबच्या गाड्या याच रुळांवरून धडधडत जातात खऱ्या, पण त्या काही आपल्यासाठी थांबत नाहीत. तेव्हा वेळापत्रक पाहून निघा, नाहीतर सरळ नायगाव बरं.

भाईंदर सोडलं की खिडकीशी बसा. दोन्ही अंगांना खाजण, मिठागरांचे चौकोन, मग खाडीचे दोन पूल आणि त्या दोन पुलांच्या मधे पाणजू बेट. (पुलावर गाडी आली की निर्माल्याच्या पिशव्या नि नारळ खिडकीतून भिरकावणाऱ्या भगिनींना एक सांगायचं आहे. खाली माणसं राहतात, होडीनं येजा करतात. देव काही अशानं प्रसन्न होत नसतो.)

जूचंद्र हे मूळचं आगरी वस्तीचं गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा तिच्यात आलं आणि २०१४ पासून ठाणे जिल्ह्यातून निघून पालघर जिल्ह्यात गेलं. कागदावर आता ते शहर आहे. पण गावात शिरलात की जुनी घरं, ओटे, अंगणातली तुळस अजून दिसते आणि मान वर केली की पाठीमागे टोलेजंग इमारती. गावाच्या डोंगरावर चंडिका देवीचं देऊळ आहे. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एरवी सकाळी मात्र निवांत असतं. पायऱ्या चढून गेलं की वारा लागतो आणि खालचा सगळा मुलूख नजरेत येतो. खाडी, खाजण, रेल्वे, जुनी कौलं नि नवे मनोरे.

देवीचं दर्शन घेतलं, हे खरं. पण या खेपेला मी गेले होते ती एक प्रश्न डोक्यात घेऊन. माझी एक भाची नायगाव पूर्वेच्या नव्या इमारतीत राहते. दोन खोल्यांचं घर, चार वर्षांचा मुलगा, सासूबाई सोबत. तिला एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या. एक पूर्णपणे घरून करायची, पगार थोडा कमी. दुसरी आठवड्यातले तीन दिवस अंधेरीला जाऊन आणि दोन दिवस घरून. या दुसऱ्या प्रकाराला म्हणे ‘हायब्रीड’ म्हणतात. आमच्या पिढीला हायब्रीड म्हटलं की ज्वारी आठवते. साठीच्या दशकात ती आली, खंडीनं पिकली आणि घरोघरी एकच तक्रार, भाकरीला चव नाही! तर भाचीचा प्रश्न असा की, “मावशी, कुठली घेऊ?” सगळे तिला एकाच तोंडानं सांगत होते, घरची घे. मूलही बघता येईल, सासूबाईंचं औषधपाणी होईल, गाडीचे धक्के वाचतील. मला काही हे एवढं सोपं वाटेना. म्हणून तिच्याकडे राहायला गेले तेव्हा शेजारचं हे गाव नीट हिंडून पाहिलं. आणि खरं सांगते, बाईनं काम कुठं बसून करावं या प्रश्नाचं इतकं चांगलं पुस्तक मला दुसरं मिळालं नसतं.

पहिलं पान मिठागराचं. आगरी हा शब्दच मुळी आगरावरून आला, असं सांगतात. मीठ पिकवायचं तर भरतीचं पाणी आत घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडत उन्हानं दाट करत न्यायचं आणि शेवटच्या कोंडीत मिठाचा थर धरला की तो ओढून काठाला ढीग लावायचे. हिवाळा सरता सरता काम सुरू होतं आणि पहिल्या पावसाला संपतं. ऊन तापायच्या आत उरकावं म्हणून माणसं उजाडायच्या आधीच उतरतात. पुरुष मीठ ओढतात, बायका टोपल्या डोक्यावर घेऊन बांधावरून वाहतात. पायांच्या भेगांत मीठ जातं, त्याचं वर्णन काय करायचं! या कामाला ‘घरून करा’ कोण म्हणणार? समुद्र काही स्वयंपाकघरात येत नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. टोपली खाली ठेवली की त्या बाईचं मिठागर तिथेच राहतं. ते तिच्या मागोमाग घरी येत नाही, रात्री अकराला हाक मारत नाही. आणि ती बाई काम करते याबद्दल गावात कुणाला शंका नसते. टोपली सर्वांना दिसते.

आता मिठागरं आक्रसली आहेत, मुलं त्या कामात पडत नाहीत आणि त्यांनी पडावं असं मीही म्हणणार नाही. कष्टाचं कौतुक दुरून करणं सोपं असतं.

दुसरं पान रांगोळीचं. ते या गावाचं खरं वैभव. जूचंद्रला रांगोळी कलाकारांचं गाव म्हणूनच ओळखतात. दिवाळीत इथे रांगोळीची प्रदर्शनं भरतात आणि लांबलांबून माणसं पाहायला येतात. तुमच्या-माझ्या दारातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणू नका. इथे माणसाचा चेहरा जमिनीवर असा उमटतो की फोटोच वाटावा. गालावरची सुरकुती, डोळ्यातलं पाणी, नऊवारीच्या काठाची जर, सगळं बोटांच्या चिमटीतून. आधी जमिनीवर रांगोळीचा सारखा थर चाळून घ्यायचा, त्यावर आखणी करायची, मग रंगात रंग मिसळत छटा भरत जायचं. तासन्‌तास गुडघ्यावर, ओणवं होऊन. पंखा लावायचा नाही, दार आपटायचं नाही, शिंक आली तर पलीकडे तोंड फिरवायचं. इथले कलाकार बोलावणं आलं की बाहेरगावीही जातात, सभागृहात, समारंभात रांगोळी काढतात. म्हणजे हेही काम जागेवर जाऊनच करायचं. रांगोळी घरी काढून डब्यात घालून नेता येत नाही!

आणि इथेच मला माझ्या प्रश्नाचं टोक सापडलं. बघा हं. तीच शिरगोळ्याची पूड, तीच चिमूट, तीच बोटं. सभागृहात काढली की ती कला. तिला मानधन, तिच्यापुढे रांग, वर्तमानपत्रात फोटो. आणि पहाटे सडा घालून उंबऱ्यापुढे काढली की ती ‘रोजचंच’ होते. पिढ्यान्‌पिढ्या आपण बायकांनी काढलेल्या त्या रांगोळ्यांचा हिशेब कुणी ठेवला? आता गावोगावच्या मुली मोठ्या रांगोळीत उतरल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट. पण काम उंबऱ्याच्या बाहेर गेल्याशिवाय त्याला काम म्हणायचं नाही, ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे. भाचीला घरून नोकरी करायचा सल्ला देणाऱ्यांच्या मनात हीच खोड दडून बसलेली होती. ‘घरीच तर आहेस!’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल.

तिसरं पान रुळांवरचं. नायगाव, वसई, नालासोपारा, विरार हा पट्टा वाढला तोच गाडीच्या जिवावर. मुंबईत घर परवडेना, म्हणून माणसं उत्तरेला सरकत गेली आणि नोकऱ्या मात्र दक्षिणेलाच राहिल्या. जगातली पहिली म्हणून सांगितली जाणारी महिला विशेष गाडी पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू केली. पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली, कारण गर्दीच मुळी तिकडे होती. त्या गाडीत, आणि इतर गाड्यांच्या बायकांच्या डब्यांत, काय काय होत नाही! भाजी निवडली जाते, भजनं होतात, हळदीकुंकू होतं, कुणाचं डोहाळजेवण साजरं होतं, दसऱ्याला डब्याला तोरण बांधतात. तिथे भांडणंही होतात, चौथ्या सीटवरून तर रोज. तरी मी म्हणेन की कित्येक बायकांना दिवसातला स्वतःचा असा तेवढाच तास मिळतो. तिथे त्यांना कुणी आई म्हणत नाही, सूनबाई म्हणत नाही.

पण त्याची किंमतही मोजून पाहू या. घरापासून स्टेशन, रिक्षाची रांग, गाडी, पलीकडे पुन्हा चालणं. येऊनजाऊन साडेतीन तास धरले आणि महिन्याचे कामाचे दिवस २२, तर ७७ तास होतात. म्हणजे महिन्यातले तीन दिवस नि तीन रात्री, वर पाच तास, निव्वळ जाण्यायेण्यात! आठवड्यातले दोन दिवस घरून काम मिळालं तरी महिन्याचे जवळजवळ २८ तास हाती येतात. या आकड्यापुढे भजनंबिजनं ठीक आहेत हो, पण माणसाला झोपही लागते.

मग २०२० आलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि लोकल थांबल्या. लोकल थांबणं म्हणजे काय, हे या पट्ट्यातल्या माणसांना विचारा. जूनच्या मध्यावर त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाल्या. नवरात्रात, २१ ऑक्टोबरला, सर्व महिलांना प्रवासाची मुभा मिळाली. वेळ कुठली? सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर! गर्दी टाळायला तसं करणं भाग असेल, पण नऊला हापिसात हजेरी लावायची बाई अकराच्या गाडीचं करणार काय? त्या काळात ज्यांचं काम संगणकावर होतं त्यांचं हापीस घरी आलं. ज्यांचं नव्हतं, म्हणजे दुकानातल्या, कारखान्यातल्या, घरकाम करणाऱ्या, त्यांच्यापैकी पुष्कळजणी कामालाच मुकल्या. घरून काम करणं ही सोय आहे हे तर खरंच, पण ती सर्वांच्या वाट्याला येत नाही, एवढं तरी आपण विसरू नये. वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे, कामण या भागातल्या छोट्या कारखान्यांत यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या बायकांना कुणी ‘हायब्रीड हवं का’ म्हणून विचारत नाही.

हापीस घरी आलं तेव्हा काय झालं, ते भाचीच्या इमारतीतल्या एका बाईंनी मला सांगितलं. नवरा-बायको दोघंही संगणकावर काम करणारी. “नवऱ्याची बैठक असली की आम्ही सगळे खालच्या आवाजात बोलायचो. कुकरची शिटी होऊ नये म्हणून गॅस बंद करायचो. माझी बैठक असली की मुलगा पाठीवर, आणि सासरे विचारणार, चहा कधी?” त्या हसत हसत बोलत होत्या. मी मात्र हसले नाही. बेडरूमचं दार नवऱ्याला मिळालं होतं आणि यांना ओट्याचा कोपरा.

बरं, हापीस घरी आलं ते घरीच राहील असं तेव्हा मोठ्यामोठ्यांना वाटत होतं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीनं २०२० साली जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी चौथा हिस्सा माणसं कचेरीत आली तरी पुरे. प्रत्यक्षात २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी आठवड्याचे पाचही दिवस हजर व्हायला सांगितलं. इन्फोसिसनं २०२५ च्या मार्चपासून आपल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांना महिन्यातले निदान दहा दिवस यायला लावलं. म्हणजे आज एक, उद्या दुसरं. मालकांची बाजू मी समजू शकते. नव्या मुलांना जुन्यांच्या शेजारी बसून जे शिकता येतं ते पडद्यावर येत नाही. पण घरून काम आहे म्हणून कुणी लांब घर घेतलं, कुणी गावी परतलं, मुलाची शाळा बदलली, त्यांचं काय? तेव्हा नोकरी घरची असो वा अर्धी घरची, ती सोय कायमची आहे असं धरून चालू नका. नेमणुकीच्या पत्रात लिहिलं आहे का, ते पाहा.

गंमत म्हणजे या सगळ्या चर्चेत ‘घरून काम’ जणू संगणकाबरोबर जन्मलं असं लोक बोलतात. आपल्याकडे ते केवढं जुनं! १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. जसवंतीबेन पोपट त्यांतल्या एक. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. लिज्जतची पद्धत कशी आहे ठाऊक आहे ना? पीठ मळायचं केंद्रावर. लाटायचं आपापल्या घरी. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड केंद्रावर नेऊन द्यायचे, वजन करायचं, पैसे घ्यायचे नि नवं पीठ उचलायचं. याला हायब्रीड म्हणायचं नाही तर काय? कंपन्यांना सुचायच्या साठ वर्षं आधी आपल्या बायकांनी केलं. आणि तिथे पापड वजनावर मोजले जातात, नफ्यात वाटा मिळतो आणि रोज चार बायका भेटतात. घरात राहूनही ती बाई एकटी पडत नाही.

उलट टोक पाहायचं तर मुंबईच्या उपनगरांतल्या खोल्याखोल्यांतून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या बायका आठवा. माल आणून देणारा माणूस दर ठरवतो, तोच माल नाकारतो, विजेचं बिल हिचं, डोळेही हिचे. शेजारची म्हणते, “काही नाही, फावल्या वेळात करते.” फावला वेळ! बायकांच्या आयुष्यातला हा फावला वेळ मी अजून पाहिलेला नाही.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. पानं नि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी विड्या वळायच्या, मोजून परत द्यायच्या. विडीनं कुणाचं भलं होत नाही, ते वेगळं. पण १९६६ साली विडी कामगारांचा जो कायदा झाला, त्यानं घरी बसून वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटलं. पुढे प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकांचं म्हणणं, त्या आपल्या घरी काम करतात, आमच्या नोकर कशा? १९८५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की घरी वळणाऱ्यांनाही फंड लागू आहे. म्हणजे काम घरात झालं तरी बाई घरातली राहत नाही, कामगार होते. पण हे मिळालं ते कायद्यानं आणि भांडून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ साली घरी काम करणाऱ्यांसाठी एक करार केला, त्यामागे आपल्या इलाबेन भट यांच्या ‘सेवा’ संघटनेचे मोठे कष्ट होते. आपल्या देशानं मात्र त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

तर मग भाचीला मी काय सांगितलं? आधी एक आकडा दाखवला. सरकारनं २०२४ साली लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. आधीची पाहणी २०१९ ची, तिच्यात हे आकडे २९९ आणि ९७ होते. बायकांची दहा मिनिटं वाचली, चांगलं झालं. पण पुरुषांचीही नऊ वाचलीच की! तिला म्हटलं, गाडीचे साडेतीन तास वाचतील खरे, पण ते तुझ्या हातात राहणार आहेत का, ते आधी ठरव. घरात सगळ्यांसमोर बसून ठरव. नाहीतर सकाळचा वाचलेला तास डब्यांत जाईल, संध्याकाळचा पाहुण्यांत, आणि हापिसाचं काम मुलगा झोपल्यावर रात्री अकराला. मिठागरातली टोपली निदान खाली ठेवता तरी येते.

मग आम्ही दोघींनी कागद घेऊन बसून मालकाला विचारायचं काय, ते लिहिलं. तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. पगार दरमहा की कामाच्या नगावर? फंड कापला जाणार का, की ‘सल्लागार’ म्हणून नेमून तो टाळणार? कामाची वेळ कुठपासून कुठपर्यंत आणि त्यानंतर फोन आला तर? इंटरनेटचं नि विजेचं बिल कोण देणार, खुर्ची कोण? बढती देताना घरून काम करणारी बाई डोळ्यांआड राहणार नाही ना? बाळंतपण जवळ असलेल्या मुलींनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली (ही पहिल्या दोन मुलांसाठी) आणि रजा संपल्यावर, कामाचं स्वरूप तसं असेल तर, मालकाशी ठरवून काही काळ घरून काम करण्याची तरतूदही त्यात आली. ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. मागायला लाजू नका. मालक नाही म्हणू शकतो, पण विचारल्याशिवाय हो तरी कसं म्हणेल?

आणि स्टेशनाबाहेर खांबांवर चिकटवलेल्या, हल्ली फोनवरही येणाऱ्या त्या जाहिराती! ‘घरबसल्या काम, महिना तीस हजार, शिक्षणाची अट नाही.’ आधी नोंदणीचे पैसे भरा म्हणाले की समजा, तिथे काम नाही, फक्त तुमचे पैसे जाणार. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. फसवणूक झालीच तर गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितकी लवकर तक्रार तितकी पैसे अडवून ठेवण्याची शक्यता जास्त.

भाचीनं शेवटी तीन दिवसांची नोकरी घेतली. सगळ्यांना नवल वाटलं. मी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण मनातून बरं वाटलं हे कबूल. पूर्णपणे घरी बसून करायचं काम कुणाला हवंच असतं. ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्यांना गाडीत चढणं जमत नाही, त्यांना ते वरदान आहे. हिचं तसं नव्हतं. तिच्या सासूबाईंनी मात्र मला चकित केलं. घरच्या दोन दिवसांसाठी स्वतःची खोली त्यांनी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिला देऊन टाकली आणि स्वतः दिवाणखान्यात टीव्हीचा आवाज बारीक करून बसतात. “दार लावलं की ती हापिसात गेली,” असं त्यांनी नातवाला सांगून ठेवलं आहे. तो दाराखालच्या फटीतून चित्रं सरकवतो, ते चालतं. नवऱ्याकडे त्या दोन दिवसांचा संध्याकाळचा स्वयंपाक आहे. पिठलं बरं करतो म्हणे. भात अजून चिकटतो.

तुम्हाला जूचंद्रला जायचं असेल तर दिवाळीच्या दिवसांत जा. आधी सकाळच्या उन्हाआधी देवीचा डोंगर चढून घ्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा. मग खाली येऊन रांगोळ्या पाहा. गर्दी असते, तेव्हा लहान मुलांचा हात धरून ठेवा आणि साडीचा पदर खोचून घ्या. वाकून पाहताना तो रांगोळीवरून फिरला तर कुणाची तरी रात्रभराची मेहनत पुसली जाईल. कलाकार तिथेच उभा असेल किंवा उभी असेल. किती तास लागले, ते त्यांना जरूर विचारा.